एक म्हणजे हो

तिसऱ्या वेळी तमाझीने पैसे घेतले नाहीत.
कुताइसीच्या बाजारामागे त्याची टपरी,
शेजारी दोऱ्याला टांगलेल्या अक्रोडांच्या माळा.
फोनची पाठ उघडून मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं:
हा तिळाएवढा चौकोन, तो आवाजाचा.
फोन वाकतो. खिशात, मांडीखाली.
वाकला की याचा पाय बोर्डावरून सुटतो.
मी परत चिकटवतो, केसासारखी तार घालतो,
चालेल.
किती दिवस, असं विचारलं
की उधारी मागितल्यासारखा बघतो.

पहिल्यांदा एकोणीस दिवस चालला.
दुसऱ्यांदा अकरा.
मग ये रे माझ्या मागल्या,
स्पीकरचं बटण राखाडी, दाबलं तरी ढिम्म.
मला पलीकडचं सगळं ऐकू येतं,
माझं पलीकडे काही पोचत नाही.

मी बसस्थानकात तिकिटं विकते.
मेस्तिया, झुगदिदी, बातुमी.
दिवसभर काचेच्या भोकातून बोलते
आणि लोक कानाला हात लावून म्हणतात, काय?
तेव्हा प्रकार मला अगदीच नवा नाही.

वडील वर, बेचो गावात.
बर्फ पडलं की रस्ता स्वतःच्या मर्जीने वागतो.
त्यांचा फोन साधा, बटणांचा, कधीच न बिघडलेला,
हे दर वेळी ऐकवतात.
"हॅलो. मारेखी? झालीस का परत मुकी?"
मी इकडे घसा फाडतेय,
शेजारची नातेला भिंत ठोकतेय.

पण ते फोन ठेवत नाहीत.
पलीकडे कोणी नाही असं धरून
बोलत राहतात, थोडं चुलीशी, थोडं स्वतःशी.
गाईचा पाय सुजलाय.
बेसारिओनने कुंपण हातभर आत सरकवलंय,
सरकवू दे, तिथे काटेच उगवतात.
काल हिचा कोट कपाटातून काढला,
उन्हात घातला,
देऊन टाकायचा होता,
परत ठेवला.

मी श्वास रोखून धरला.
कशाला, कोण जाणे.
श्वास तरी कुठे जात होता.

आणि अंगठा चुकून एकावर पडला.
पीं.
"कोण आहे?"
पीं.
(आकड्यांचे आवाज वेगळ्या वाटेने जातात,
तमाझीने नंतर सांगितलं,
ते तुझा फोन वाजवत नाही, कंपनी वाजवते.)
बराच वेळ फक्त चुलीतलं लाकूड तडतडलं.
"म्हणजे ऐकत होतीस."
पीं.
"कोटाचंही."
इथे मी थांबले. मग दाबला.
"बरं. एक म्हणजे हो. दोन वेळा म्हणजे नाही.
जेवलीस?"
पीं.
"खोटं बोलतेस?"
पीं.
हसले. गेल्या हिवाळ्यानंतर
पहिल्यांदाच ऐकलं ते हसू,
खोकल्यात संपणारं.

आता फोन नीट आहे. बारावा दिवस.
आवाज स्वच्छ, दोन्ही बाजूंनी.
हवा कशी आहे? थंड. इकडेही.
गाय? बरी आहे.
ठेवू मग? ठेवा.
तमाझी म्हणतो, बोर्डच बदल,
दोन महिन्यांचा पगार, त्यापेक्षा जुना घे एखादा.
बघते म्हटलं.

काल रात्री पुन्हा तेच, हवा, थंडी, गाय,
आणि मध्येच ते गप्प झाले.
मीही काही बोलले नाही.
"हॅलो? मारेखी?
बिघडला का परत?"

फोन माझ्या हातात होता, गरम, धडधाकट.
तार जागच्या जागी.
मी एक दाबला.

"बरं," ते म्हणाले,
आणि खुर्ची चुलीजवळ ओढल्याचा आवाज आला.